हाऊ कागद कशाचा शे? कागदाची रासायनिक तपासणी, टप्प्याटप्प्यानं

मागच्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलकडचे एक आप्पा आमच्या प्रयोगशाळेत आले. लग्नपत्रिकेच्या प्लास्टिक पाकिटात घातलेलं जुन्या चोपडीचं एक पान त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सर, हाऊ कागद कितला जुना शे, तेवढं सांगा."

तेवढं म्हणजेच सगळं अवघड होतं. रसायनशास्त्र कागदाचं वय सांगत नाही. तो कशाचा केलाय, एवढंच ते सांगतं. त्यात काय सापडलं आणि काय सापडायला नको होतं, यावरून वयाचा अंदाज आपण बांधतो. आप्पांना हे पटायला दोन चहा लागले. त्यानंतर त्या पानाचं जे केलं, ते इथं क्रमानं लिहितोय. बारावी-बीएस्सीच्या मुलांना प्रकल्प म्हणून, हातकागद बनवणाऱ्यांना मालाची परीक्षा म्हणून आणि घरात जुनी दप्तरं असणाऱ्यांना कुतूहल म्हणून हे उपयोगी पडावं.

तुलनेसाठी मी त्या पानाशेजारी आणखी तीन कागद ठेवले होते: रोजचं वर्तमानपत्र, झेरॉक्सचा पांढरा कागद आणि रावेरकडून आलेला केळीच्या खोडाच्या धाग्याचा हातकागद. तुम्हीही असंच करा. ओळखीचा कागद शेजारी असल्याशिवाय अनोळखी कागदावरच्या रंगाला काही अर्थ नाही.

कागदात असतं काय

मुख्य भाग तंतूंचा, म्हणजे सेल्युलोजचा. तंतू लाकडाचे असले तर त्यांच्यासोबत कमीजास्त लिग्निन येतं, म्हणजे तंतूंना सांधून लाकूड कडक ठेवणारा पदार्थ. कागद जड, पांढरा आणि अपारदर्शक व्हावा म्हणून भराव घालतात: चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चिनी माती, शंखजिरं, महागड्या कागदात टायटॅनियम डायऑक्साईड. शाई पसरू नये म्हणून खळ देतात, ती स्टार्चची, जिलेटिनची किंवा राळ आणि तुरटीची असते. (कारखान्यातली ही तुरटी बहुधा ॲल्युमिनियम सल्फेट असते, न्हाव्याकडची पोटॅशची तुरटी नव्हे.) वर थोडे रंग, थोडे चकाकी आणणारे पदार्थ, आणि पाणी. पाणी बहुतेक जण विसरतात.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. ज्यानं कागदाला काही होत नाही ते आधी, थेंबाच्या चाचण्या नंतर आणि जाळायचं सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की नमुना संपतो आणि प्रश्न शिल्लक राहतो.

नमुना घेणं

जुन्या पानाला कात्री लावू नका. चोपडीच्या शिवणीत, पाकिटाच्या तळाशी पडलेले कपचे पुष्कळ होतात. आप्पांच्या पाकिटात नखाएवढे पाचसहा तुकडे होते, तेवढ्यात काम झालं. नवा कागद असेल तर गठ्ठ्याच्या वरचं आणि खालचं पान सोडून मधली चारपाच पानं घ्या आणि प्रत्येकाचा वेगवेगळ्या जागचा तुकडा काढा.

कागद चिमट्यानंच उचला. आपल्या बोटांच्या घामात मीठ असतं आणि अमिनो आम्लंही. पुढं क्लोराईड किंवा प्रथिनाची चाचणी केलीत तर कागदाऐवजी तुमचाच अंगठा सापडेल. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो.

ओलावा

कागद हवेतलं पाणी घेतो आणि सोडतो. मानक प्रयोगशाळेत कागद २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून मग वजन करतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा भट्टीसारखी कोरडी, आणि जुलैत भिंतींना ओल. एकच कागद दोन महिन्यांत दोन वजनं दाखवतो. म्हणून पुढची सगळी टक्केवारी कोरड्या वजनावर काढायची.

झाकणाची काचेची वजनबाटली १०५ अंशांवर तापवून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारा पदार्थ घातलेल्या झाकणबंद भांड्यात) गार करून तिचं वजन घ्या. तिच्यात साधारण २ ग्रॅम कागदाचे तुकडे टाकून पुन्हा वजन करा. झाकण काढून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवा, झाकण लावून डेसिकेटरमध्ये गार करा, तोला. पुन्हा तासभर तापवा, पुन्हा तोला. लागोपाठच्या दोन वजनांतला फरक ०.१ टक्क्याच्या आत आला की थांबा. साध्या कागदात ५ ते ८ टक्के पाणी निघतं. राखेचं गणित करताना हा आकडा लागणार आहे.

आधी नुसतं बघा

पान उजेडासमोर धरा. हातकागदात गाळणीच्या काड्यांच्या रेषा, गुठळ्या, एखादी काडी दिसते. जुन्या देशी कागदाला खळ देऊन गुळगुळीत दगडानं घोटायचे, त्यामुळं तिरप्या उजेडात घोटल्याच्या चकचकीत पट्ट्या दिसतात. हे रसायनशास्त्र नाही, पण पुढची कोणती चाचणी आधी करायची ते इथंच ठरतं.

मग अंधारात अतिनील दिवा. सराफ बाजारात किंवा पतपेढीत नोटा तपासायचा दिवा असतो, तोही चालतो. ३६५ नॅनोमीटरच्या उजेडात झेरॉक्सचा कागद निळाजांभळा झळाळून उठतो. त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा भासवणारा पदार्थ असतो. हे पदार्थ कागदात आले दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण १९५० च्या सुमारास. म्हणजे १८९० ची तारीख असलेला कागद असा झळाळला, तर तारीख खोटी. उलटं मात्र खरं नाही. झळाळला नाही म्हणून कागद जुना ठरत नाही, आजचाही बिनब्राइटनरचा हातकागद मंदच दिसतो. आणखी एक खोड आहे: साबणाच्या पावडरीत हेच ब्राइटनर असतात, त्यामुळं धुतलेल्या रुमालात गुंडाळलेल्या कागदावरही चमकणारे धागे चिकटतात. जिलेटिनची खळही फिकट निळसर दिसते, पण तिला झेरॉक्ससारखी झळाळी नसते.

थेंबांच्या चाचण्या

इथं खरी मजा आहे आणि खऱ्या चुकाही इथंच होतात. प्रत्येक चाचणीचा एक खोटा साक्षीदार असतो. तो कोण, हे माहीत असल्याशिवाय निकाल लिहू नका. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

कार्बोनेट. तुकड्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. बुडबुडे आले तर कॅल्शियम कार्बोनेट. झेरॉक्सच्या कागदावर बहुधा फसफसतं, कारण आजचे बहुतेक लिहायचे-छापायचे कागद चुनखडीच्या भरावाचे असतात. पण देशी कागद करताना चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवायचे. तो चुना हवेनं कार्बोनेट होऊन तंतूंत राहतो. त्यामुळं जुन्या हातकागदावरही एखाददुसरा बुडबुडा येतो. आपल्याकडच्या जड पाण्यात धुतलेल्या नव्या हातकागदातही हे होतं. चार बुडबुड्यांवरून भराव घातलाय असं म्हणू नका. राख मोजेपर्यंत थांबा.

स्टार्च. २.६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाईड आणि ०.१३ ग्रॅम आयोडीन ५ मिलिलिटर पाण्यात विरघळवा, मग १०० मिलिलिटर करा. एक थेंब पुरतो. निळा ते निळाजांभळा रंग म्हणजे स्टार्च. रंग लालसर जांभळा असला तर बदललेलं स्टार्च किंवा ॲमायलोपेक्टिन (स्टार्चमधल्या फांद्या फुटलेल्या साखळ्या) जास्त. रसायनं मिळत नसतील तर मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून चालवा, रंग जरा मळकट येतो एवढंच. इथला खोटा साक्षीदार म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. कागदावरच्या काही मुलाम्यांत ते असतं आणि आयोडीननं निळसर दिसतं. आपल्या मुलखातल्या जुन्या चोपड्यांमध्ये मात्र निळा रंग फार करून पिठाच्या खळीचाच.

लिग्निन. १ ग्रॅम फ्लोरोग्लुसिनॉल ५० मिलिलिटर इथाइल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात २५ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवायचं. पिवळं पडलं की टाकून द्यायचं. वर्तमानपत्रावर थेंब पडताच काही सेकंदांत किरमिजी डाग उठतो. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन जवळपास पूर्ण उरतं, म्हणून हा रंग आणि म्हणूनच वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं. नीट विरंजन केलेल्या, म्हणजे रसायनांनी पांढऱ्या केलेल्या लगद्यावर काहीच होत नाही.

फ्लोरोग्लुसिनॉल नसेल तर ॲनिलीन सल्फेटचं १ टक्का द्रावण वापरा, त्यानं लिग्निन असलेला कागद पिवळा होतो. आधी नुसत्या आम्लाचा थेंब टाकून बघायलाच हवा, काही रंग आम्लानंच गुलाबी होतात. दुसरा खोटा साक्षीदार घरचाच आहे: ताग. तागात लिग्निन भरपूर असतं. गोणपाट, जुने दोर कुजवून केलेल्या देशी कागदात गुलाबी ठिपके उठतात आणि कोणी तरी घाईनं "गिरणीचा कागद" असं लिहून मोकळा होतो. डाग सारखा आहे की ठिपक्याठिपक्यांचा, हे बघा.

तुरटी. ॲल्युमिनॉन या रंजकाच्या ०.१ टक्का द्रावणाचा थेंब, ॲल्युमिनियम असेल तर गुलाबी-लाल. हे ॲल्युमिनियम तुरटीचं असू शकतं किंवा चिनी मातीचंही, पण मातीतलं ॲल्युमिनियम घट्ट बांधलेलं असल्यानं लगेच प्रतिसाद देत नाही.

राळ. साखरेच्या दाट द्रावणाचा थेंब, मिनिटभरानं टिपून घ्यायचा, मग त्याच जागी तीव्र गंधकाम्लाचा छोटा थेंब. रासबेरीसारखा लाल रंग आला तर राळ. कागदात राळ-तुरटीची खळ घालण्याची पद्धत मॉरिट्झ फ्रीडरिश इलिग या जर्मन माणसानं १८०७ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढं यंत्राच्या कागदात ती सगळीकडं पसरली. त्यामुळं राळ आणि तुरटी दोन्ही सापडणं म्हणजे बहुधा गिरणीचा कागद. पण प्रथिनं आणि काही तेलंही असाच लाल रंग देतात. म्हणून या चाचणीच्या आधी प्रथिनाची करून घ्या: २ टक्के कॉपर सल्फेटचा थेंब, तो मुरला की ५ टक्के कॉस्टिक सोड्याचा थेंब. जांभळा झाला तर जिलेटिन किंवा सरस, नुसता निळा राहिला तर नाही.

या सगळ्या चाचण्यांचे तुकडे वहीत चिकटवून ठेवू नका. गंधकाम्लाचा डाग वहीची चार पानं खाऊन जातो. मोबाइलनं लगेच फोटो काढा, शेजारी ओळखीच्या कागदावरचा तोच थेंबही त्याच फोटोत यावा.

पीएच

१ ग्रॅम कागद ५ मिलिमीटरच्या तुकड्यांत कापा, ७० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर भिजवा, ढवळा, मीटरनं मोजा. सोपं वाटतं, पण पाण्यावर सगळं अडतं. ऊर्ध्वपातित पाणी उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन आम्लधर्मी होतं, म्हणून आधी उकळून, झाकून गार करा. गॅरेजातलं बॅटरीचं पाणी किंवा घरातलं आरओचं पाणी वापरायची हौस करू नका. बॅटरीचं पाणी वापरलंच तर कागद न घालता त्याचा कोरा पीएच आणि वाहकता आधी मोजा.

राळ-तुरटीचा कागद साधारण ४.५ ते ५.५ देतो, चुनखडीच्या भरावाचा ७.५ च्या वर. ५ च्या खालचा कागद घरात जपायचा असेल तर त्याच्यासाठी आत्ताच काहीतरी करायला हवं: आम्लामुळं सेल्युलोजच्या साखळ्या तुटत जातात आणि पान घडीवर मोडतं. आप्पांच्या नमुन्यातून १ ग्रॅम निघणं शक्यच नव्हतं. अशा वेळी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून त्यावर सपाट तोंडाचा इलेक्ट्रोड टेकवतात. आकडा थोडा सैल येतो, पण ५ आणि ७ मधला फरक कळतो.

सूक्ष्मदर्शकाखाली तंतू

माझ्या मते सगळ्या तपासणीचा कणा हाच. थेंबानं "लिग्निन आहे" कळतं, तंतूनं "कशाचं" ते कळतं.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा परीक्षानळीत १ टक्का कॉस्टिक सोड्यात दोनचार मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवा, अतिशय पातळ हायड्रोक्लोरिक आम्लानं उदासीन करा, पुन्हा धुवा. मग पाणी घालून जोरात हलवा. तुकडा विरून पाण्यात ढगासारखा झाला पाहिजे. जुनं घोटीव पान असेल तर जास्त उकळावं लागतं, पण काठीनं चेचू नका, तंतू तुटले की ओळख गेली. एक थेंब काचपट्टीवर घ्या, सुकू द्या, मग रंजक.

रंजक म्हणजे हर्झबर्गचं. ५० ग्रॅम कोरडं झिंक क्लोराईड २५ मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातलं २५ मिलिलिटर घ्या. दुसरीकडं ०.२५ ग्रॅम आयोडीन आणि ५.२५ ग्रॅम पोटॅशियम आयोडाईड १२.५ मिलिलिटर पाण्यात. दोन्ही एकत्र करून रात्रभर स्थिरावू द्या, वरचं नितळ द्रावण तपकिरी बाटलीत काढा, त्यात आयोडीनचा एक कण टाका. झिंक क्लोराईड हवेतलं पाणी ओढतं. मे महिन्यात वजन करायला सोपं, श्रावणात चमच्यावरच पातळ होतं. शक्यतो उन्हाळ्यात करून ठेवा.

या रंजकानं कापूस, जवस असे शुद्ध तंतू मद्यासारखे लाल होतात, रासायनिक लगद्याचे (रसायनांत शिजवून लिग्निन काढलेल्या लाकडाचे) तंतू निळे-जांभळे आणि लिग्निन भरलेले, म्हणजे दळलेल्या लाकडाचे किंवा कच्च्या तागाचे, पिवळे. ओळखीच्या कापसावर आधी तपासा. कापूस निळसर दिसला तर झिंक क्लोराईड जास्त तीव्र आहे, पाण्याचा एखादा थेंब घाला.

आता खानदेशात राहण्याचा फायदा सांगतो. संदर्भासाठीच्या काचपट्ट्या विकत आणायची गरज नाही. जिनिंगमधून चिमूटभर कापूस, भुसार दुकानातून गोणपाटाचा धागा, बैलांच्या जुन्या कासऱ्यातला सणाचा वाख, रसवंतीवरून उसाची चिपाडं, यावल-सावद्याच्या बागेतून केळीचं खोड. प्रत्येकाचा धागा वरच्यासारखा उकळा, रंगवा, नाव लिहून डब्यात ठेवा. एका रविवारचं काम आहे आणि आयुष्यभर पुरतं.

मग ओळखायचं असं. कापसाचा तंतू चपट्या फितीसारखा, मधूनमधून पीळ पडलेला. सण आणि तागाचे तंतू जाड भिंतीचे, आडव्या सांध्यांचे. तागाची मधली पोकळी कुठं रुंद कुठं अरुंद. पाइनसारख्या सूचीपर्णी लाकडाचा तंतू लांब, साधारण ३ मिलिमीटर, अंगावर गोल खळगे. निलगिरी किंवा सुबाभूळसारख्या रुंदपर्णी लाकडाचा आखूड, १ मिलिमीटरच्या आसपास, आणि सोबत रुंद पिंपासारख्या वाहिन्यांचे तुकडे. उसाच्या चिपाडात पातळ पिशव्यांसारख्या गराच्या पेशी खच्चून असतात. गवताच्या पेंढ्यात करवतीच्या दातांसारख्या कडांच्या पेशी दिसतात. केळीत लांब, बारीक भिंतीचे तंतू आणि स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेल्या वाहिन्या.

मिश्रणाचं प्रमाण हवं असेल तर काचपट्टी ठरावीक अंतरानं सरकवत नेत्रिकेतल्या क्रॉसतारेवरून जाणारे तंतू जातवार मोजा, किमान दोनशे. नुसत्या संख्येला वजनाचे टक्के म्हणू नका, बारीक तंतूंची संख्या मोठी असली तरी वजन कमी भरतं. म्हणून प्रत्येक जातीचा वजनगुणक वापरतात: कापूस १ धरला तर रुंदपर्णी लाकडाचा गुणक अर्ध्याच्या आसपास येतो, लाकडागणिक बदलतो.

राख

आता जाळायचं. मफल फर्नेस (प्रयोगशाळेतली बंद भट्टी) लागेल, स्वयंपाकघरातल्या गॅसवर हे होत नाही. क्रुसिबल (जाळायची मूस) त्याच तापमानाला तापवून, गार करून तोला. कागद आत ठेवून आधी कमी आचेवर, धूर थांबेपर्यंत कोळसा करा, मग ५२५ अंश. काळे कण संपले, दोन वजनं जुळली की थांबा. वजन लिहिल्यावर तेच क्रुसिबल ९०० अंशांवर न्या आणि पुन्हा तोला.

दोन तापमानं का? ५२५ ला कॅल्शियम कार्बोनेट टिकतं. ९०० ला त्यातला कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि नुसता चुना उरतो. शुद्ध कार्बोनेटच्या वजनाचा ४४ टक्के भाग हा वायू असतो. म्हणजे दोन राखांतल्या फरकाला ०.४४ नं भागलं की कार्बोनेट.

समजा कागद २.००० ग्रॅम, ओलावा ६ टक्के, म्हणजे कोरडं वजन १.८८० ग्रॅम. ५२५ ची राख ०.३३८ ग्रॅम, ९०० ची ०.२१४. फरक ०.१२४. भागिले ०.४४ केलं की कार्बोनेट ०.२८२ ग्रॅम, कोरड्या वजनाच्या १५ टक्के. पहिल्या राखेतून ते वजा केलं की ०.०५६ ग्रॅम उरलं, साधारण ३ टक्के: चिनी माती, शंखजिरं किंवा असंच काही. चिनी मातीचीही खोड आहे. तिच्या रचनेत जवळपास १४ टक्के पाणी असतं. त्यातलं बरंचसं ५२५ पर्यंत जातं, राहिलेलं पुढं. माती भरपूर असेल तर फरकाचा आकडा कार्बोनेटच्या नावावर थोडा जास्त येतो. खात्री हवी असेल तर राख पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून ईडीटीएनं (धातूंना बांधणाऱ्या रसायनानं) टायट्रेट करून कॅल्शियम मोजा. आम्लात न विरघळलेला गाळ म्हणजे माती, शंखजिरं, सिलिका.

बिनभरावाच्या कागदाची राख १ टक्क्याच्या आसपास किंवा कमी असते. केळीच्या हातकागदाची त्याहून जास्त आली आणि राख पाण्यात घालून लाल लिटमस निळा झाला, तर लगदा नीट धुतलेला नाही: केळीतलं पोटॅशियम किंवा शिजवायचा सोडा आत राहिलाय. रावेरच्या मित्राच्या कागदाचं असंच झालं होतं. त्याला शाई फुटायचं कारण हवं होतं, मिळालं भलतंच.

लिग्निन आणि सेल्युलोज मोजायचं तर

इथून पुढं पदवीच्या प्रयोगशाळेशिवाय जाऊ नका. क्लासन पद्धतीत १ ग्रॅम नमुना १५ मिलिलिटर ७२ टक्के गंधकाम्लात २० अंशांवर दोन तास ठेवतात (आपल्याकडं मेमध्ये बर्फाची परात लागते), मग आम्ल ३ टक्के होईपर्यंत पाणी घालून चार तास उकळतात. सेल्युलोज आणि स्टार्च विरघळून जातात, गाळणीवर लिग्निन राहतं. त्याच गाळणीवर भरावाचा न विरघळलेला भागही राहतो, म्हणून गाळ जाळून राख वजा केल्याशिवाय आकडा खरा नाही. राळ असेल तर ती आधी सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावकानं पुन्हा पुन्हा धुणाऱ्या उपकरणात) अल्कोहोलनं काढून टाका, नाहीतर तीही लिग्निन म्हणून मोजली जाते.

लगद्यात लिग्निन किती उरलंय ते कळायला कप्पा क्रमांक सोपा: १ ग्रॅम कोरडा लगदा ठरलेल्या परिस्थितीत ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट किती मिलिलिटर खातो ते. २५ अंशांवर दहा मिनिटं, मग पोटॅशियम आयोडाईड घालून थांबवायचं, सोडियम थायोसल्फेटनं टायट्रेट करायचं. कप्पा गुणिले ०.१५ केलं की लिग्निनचे अंदाजे टक्के. १७.५ टक्के कॉस्टिक सोड्यात न विरघळणारा भाग म्हणजे अल्फा सेल्युलोज. कापसाचा लगदा इथं सगळ्यांच्या वर असतो.

यंत्रांकडे जायचं का?

जळगावच्या विद्यापीठात किंवा एखाद्या मोठ्या कॉलेजात इन्फ्रारेड वर्णपटाची सोय मिळाली तर जरूर जा, कागद खराब न होता पाच मिनिटांत होतं. १५१० (हे आकडे प्रति सेंटिमीटरचे) च्या आसपासचा पट्टा लिग्निनचा, ८७२ चा टोकदार पट्टा कार्बोनेटचा, ३६९५ आणि ३६२० ची जोडी चिनी मातीची. एक्सरे फ्लुरोसन्स मिळालं तर कॅल्शियम, टायटॅनियम, लोह असे धातू झटक्यात कळतात.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. यंत्रातल्या बारीक हिऱ्यावर कागद दाबून घेतलेला इन्फ्रारेड वर्णपट वरच्या काही मायक्रॉनपुरताच असतो. मुलामा दिलेल्या कागदाचा तो मुलाम्याचाच निघतो. आणि स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच असल्यानं त्यांचे पट्टे एकमेकांवर चढतात. लाखोंचं यंत्र तिथं गप्प बसतं आणि आयोडीनचा थेंब बोलतो.

आप्पांच्या पानाचं काय झालं

दिव्याखाली झळाळी नाही. आम्लानं दोनतीन बुडबुडे. आयोडीननं गडद निळा. फ्लोरोग्लुसिनॉलनं सबंध डाग नाही, पण चार गुलाबी ठिपके. राळ नाही, तुरटी नाही. कोपऱ्यावरचा पीएच ७ च्या जवळ. सूक्ष्मदर्शकाखाली सणाचे तंतू बहुतांश, थोडा पिळाचा कापूस आणि मधूनच तागाचा पिवळा धागा, म्हणून ते ठिपके. लाकडाचा एकही तंतू दिसला नाही.

म्हणजे हातकागद. सण, चिंध्या आणि गोणपाट चुन्यात कुजवून केलेला, पिठाची खळ देऊन घोटलेला. एरंडोलला एके काळी जाडाभरडा देशी कागद व्हायचा, त्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरात आहे. पण हा कागद तिथलाच, हे माझ्या बाटल्या सांगू शकत नाहीत, आणि तसं लिहून द्यायला मी नकार दिला. चिठ्ठीवर घटक लिहिले, तंतूंचा फोटो जोडला. प्लास्टिकचं पाकीट काढून घेतलं आणि पान बिनआम्लाच्या कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवून दिलं. तशा कागदांशी ताडून बघायचं असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन तिथली जुनी दप्तरं बघा, म्हणालो.

आप्पांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग खरा प्रश्न बाहेर आला: त्या पानावर त्यांच्या आज्याच्या नावानं चार बिघे लिहून दिलेले होते. कागद जुना निघाला म्हणजे लिखाणही खरं ना?

जुन्या चोपडीत कोरी पानं शेवटपर्यंत उरतात, मी म्हणालो. कागदानं कागदापुरतं सांगितलं. शाई आणि अक्षर हा हस्ताक्षरतज्ज्ञाचा प्रांत आणि जमिनीचा वाद असेल तर मूळ पानाला आता कोणीही, मीसुद्धा, थेंब लावायचा नाही.

"मंग हाई शाई कोन तपासस?" त्यांनी विचारलं, आणि घडी पिशवीत ठेवली.